आबा दिसत न्हाई

आमच्या बिरदेवचा उजवा पाय ल्हानपनापास्नं बारीक. दोन वर्साचा असताना ताप आला आन त्यातच पाय गेला. त्यामुळं जलमभर मेंढरांच्या घरात राहून बी मेंढरांमागं त्यो कवा हिंडला न्हाई. बाप कोंडीबा आन थोरला सयाजी कळप घिऊन फुडं चालायची, आन बिरदेव आई बनाबाईसंगं मागनं, बिऱ्हाडाच्या घोड्यावर.

सांच्याला कुनाच्या तरी रानात मुक्काम पडला की बाप वाघर लावायचा. वाघर म्हंजी जाळीचं कुंपन, मेंढरं आत कोंडायला. मग सयाजी दारात हुबा राहायचा. काठीवर भार द्यायचा, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर टेकवायचा, बगळ्यागत. तसाच हुबा राहून एक एक मेंढरू मोजून आत सोडायचा. ईस झाली की वरडायचा, "ईऽस!" आन बिरदेवनं एक खडा ह्या हातातनं त्या हातात घ्यायचा. बिरदेवचं काम तेवढंच. पन चुकायचा न्हाई कवा. आमच्या जतकडची जुनी मानसं आजबी ईसावरच मोजत्यात, साठ म्हनत न्हाईत, तीन इसा म्हनत्यात.

बिरदेव सयाजीला आबा म्हनायचा. दोघात तीन वर्साचं अंतर, पन त्यो सयाजीला बापाच्या जागी मानायचा. सयाजीला ह्ये तवा कळलं न्हाई. आता कळतंय, आन कळून काय करायचं?

बिरदेव नववीत असताना सयाजी फौजेत भरती झाला. त्याच साली जतच्या हायस्कुलात सरकारकडनं एक कॉम्प्युटर आला व्हता. कॉम्प्युटर म्हंजी आत्ताच्यासारका न्हवं. नुसती बटनांची जाड पेटी, टायपरायटरगत. तिला टीव्ही जोडायचा आन टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. कॅसेट किर्र किर्र करायची, आन धा मिन्टानं टीव्हीवर काय तरी उगवायचं. वाईचं गंगाधर सर त्यो शिकवायचं. पन टीव्हीवर चित्र ठरायचंच न्हाई. वर पळायचं, तिरकं व्हायचं. पोरं हसायची. बिरदेवनं एक दिवस मागनं तार हलवली, एक बटन अलगद पिळलं, आन चित्र गप हुबं राहिलं. सर म्हनलं, "बिरदेव, उद्यापास्नं चावी तुज्याकडं."

त्या पेटीवर त्यो खेळाय लागला. कॅसेटवर खेळ असायचं, इटा फोडायचा, सापाचा, इमानाचा. खेळता खेळता सरांच्या इंग्रजी पुस्तकात बगून सोताचा खेळ बनवाय लागला. चौकटीची गनिताची वही घ्यायची, चौकटी पेन्सिलीनं काळ्या करायच्या, आन त्येचं मेंढरू करायचं. म्हनायचा, ह्या पेटीच्या चित्रात आडव्या वळीत चाळीस घरं असत्यात, आन माजं एक मेंढरू दोन घरं खातंय. म्हंजी एका वळीत किती? बराबर ईस. मोजायला ह्या पेटीला बी ईसच ठावं, म्हनून लय हसायचा.

सयाजीला पत्रात लिवलं व्हतं, "आबा, मी मेंढरांचा खेळ केलाय, तू सुट्टीवर आलास की दावतो." सयाजी तवा राजस्थानात. पत्र वाचून बाजूच्या जवानाला म्हनला, "भाऊ पढ़ाई छोडके खेल रहा है." आन घडी घालून ट्रंकंत टाकलं.

शिक्षान दहावीवरच थांबलं. पुढं सांगलीत टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला, तिथं त्येला साताऱ्याचा मानसिंग भेटला. ती दोस्ती शेवटपतोर टिकली. जतला बसस्टँडच्या मागं बिरदेवनं दुकान टाकलं. दहा वर्सानं शाळेनं ती पेटी मोडीत काढली तवा गंगाधर सरांनी सोता दुकानात आनून दिली. म्हनलं, "तुझीच आहे ही."

त्या पेटीसाठी बिरदेवनं एक चौदा इंची टीव्ही बाजूला काढला, मागं मोठ्ठं पोट असलेला, जुना डबा, आन पेटीसंगं घरी टेबलावर मांडला. त्येचं झाकन उघडून आतला एकेक इस्क्रू पिळत आठ दिवस बसला. त्येला म्हनं चाळीसच्या चाळीस घरं दिसायला पायजे व्हती, ह्या कडंपास्नं त्या कडंपतोर. कुनी लग्नाचा व्हिडिओ बगायला ह्यो टीव्ही मागितला तर द्यायचा न्हाई. "ह्यो मेंढरांचा हाय," म्हनायचा.

लगीन काय त्येचं जमलं न्हाई. बाप गेल्यावर घरात आई आन त्यो, दोघंच.

सयाजी सुट्टीवर आला की दोन दिवस ऱ्हायचा. बिरदेव पेटीवरचं फडकं काढायचा, तार जोडायचा. "आबा, बस की. धा मिन्टं."

"आरं, धा मिन्टं तर ती कॅसेटच किरकिरतीया," सयाजी म्हनायचा. "मला यष्टी गाठायचीया. फुडच्या टायमाला."

फुडच्या टायमाला, फुडच्या टायमाला करत फौजेतली चोवीस वर्सं सरली. सयाजी हवालदार हुऊन रिटायर झाला, सांगलीत घर बांधलं, बायको मंगल आन दोन लेकी घिऊन तिथंच ऱ्हायला. जत काय लांब न्हाई. पन लांब न्हाई म्हनूनच जानं हुईना.

मग एका दिवाळीला सयाजीच्या मनात आलं, भावाला काय तरी चांगलं द्यावं. सांगलीतनं मोठ्ठा पातळ टीव्ही घेतला, भिताडावर टांगायचा. बिरदेव बाजारात गेला व्हता. सयाजीनं सोता टीव्ही टांगला. टेबलावर त्यो पोट सुटलेला डबा धूळ खात पडलेला. तेवढ्यात गल्लीतनं भंगारवाल्याचा टेम्पो आला. सयाजीनं सोता त्यो डबा उचलून टेम्पोत टाकला. लय जड व्हता. घाम पुसत मनातल्या मनात खूश झाला, म्हनला, बिरदेवची जागा मोकळी केली.

बिरदेव आला. टेबलावर धुळीत चौकोन उमटला व्हता, तिथं बगत राहिला जरा. मग भिताडाकडं बगितलं.

"कसा हाय?" सयाजी म्हनला.

"लय भारी हाय, आबा."

"त्यो जुना घालवला मी. जागा किती खात व्हता!"

"बरं केलंस," बिरदेव म्हनला. "जागा खातच व्हता."

तेवढंच. आवाजात काय सुदिक न्हवतं. असतं तर सयाजीला कळलं असतं, असं सयाजी आता सोताला सांगतो.

दुसऱ्या दिवशी बिरदेवनं पेटी ह्या नव्या टीव्हीला जोडली. आदी नुसता निळा पडदा, आन वर लिवलेलं, सिग्नल न्हाई. मग चॅनेल हुडकता हुडकता चित्र आलं. आलं ते आडवं तानलेलं. मेंढरं रेडकागत रुंद झालेली. बनाबाई कॉटवर बसून बगत व्हती. तिनं बोट नाचवत मोजलं.

"बिरू, ईस भरत न्हाई रं. एकोनीसच हायती."

सयाजी पिशवी भरता भरता हसला. "आये, तुज्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. एक मेंढरू त्यात लपलंया."

बिरदेवनं परत एकदा पडद्याच्या डाव्या कडंला बगितलं, ते सयाजीला आज आठवतंय.

त्यानंतर तीन वर्सं. सयाजी सांगलीत एका सोसायटीत वॉचमनकी करायचा, लेकींची लग्नं, घराचा वरचा मजला. जतला गेला ते चार-पाच येळंला, आन तेबी उबाउबी. बिरदेवचा फोन यायचा. फोनवर कवा कवा इचित्र इचारायचा.

एका पाडव्याला फोन आला. घरात पावनी व्हती, जेवनाची घाई.

"आबा, येनार व्हतास न्हवं आज?"

"आरं मंगलकडची पावनी आल्यात. न्हाई जमलं."

"बरं बरं. एक इचारायचं व्हतं. ह्या टीव्हीच्या रिमोटवर चित्र उजवीकडं सरकवायचं बटन कुटं हाय का? तू आनलायस, कागद तुज्याकडं असतील."

सयाजीचं डोकं सनकलं. "बिरदेव, पन्नाशी आली तुजी. आजूनबी त्या खेळात काय ठेवलंय? दुनिया कुठं गेली आन तू मेंढरं सरकवत बसलायस व्हय?"

मग बिरदेव म्हनला, "जेव जा. ताट थंड व्हईल."

त्याच सालच्या माघात एका दुपारी बिरदेवच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी जीपमदी घालून सांगलीला काढला. सयाजी दवाखान्याच्या दारात हुबाच व्हता. जीप आली, पन बिरदेव वाटंतच गेला व्हता.

दहावं झालं, तेरावं झालं. मानसं पांगली. सयाजी आईपशी राहिला. त्येला बिरदेवचं दुकान आवरायचं व्हतं. आवरता आवरता एक वही गावली. गनिताची, चौकटीची. फुडल्या पानांवर चौकटी काळ्या केलेल्या, कुटं मेंढरू, कुटं लांडगा. मागल्या पानांवर तारखा. नवा टीव्ही आल्यापास्नंच्या तारखा. दर तारखंफुडं बारीक अक्षरात काय तरी.

"तार बदलली. चित्र थरथरतंय. आबा दिसत न्हाई."

"रंग नीट आला. आबा दिसत न्हाई."

"रिमोटचं सगळं बगितलं. आबा दिसत न्हाई."

एक पान, दोन पानं, पाच पानं. हर तारखंला तेच. सयाजी दुकानाच्या पायरीवर बसला. आपन किती दिवसात आलो न्हाई ह्येचा भावानं हिशेब लिवून ठेवलाय, असंच त्येला वाटलं.

शेवटच्या पानावर पाडव्याची तारीख. तिथं दुसरं काय न्हवतंच. नुसतं, "आबा आला न्हाई."

वही घिऊन घरात आला तर म्हातारी म्हनली, "सया, बिरूचं ते मेंढरांचं लाव की एकदा. त्येला मला पुरी ईस दावायची व्हती. तीन वर्सं झटत व्हता. म्हनायचा, आये, तू बराबर मोजतीस, टीव्ही चुकतोय."

सयाजीनं वहीत बगून पेटी जोडली. कॅसेटवर निळ्या शाईनं लिवलं व्हतं, मेंढरं. काय टायपायचं ते बी वहीत लिवलेलं. धा मिन्टं किर्र किर्र. धा मिन्टं सयाजी एका जागी बसला, आयुष्यात पयल्यांदा. मग पडद्यावर ती रुंद मेंढरं उगवली. सयाजी उठून पडद्यापशी गेला. बोट लावून लावून मोजली. डावीकडनं उजवीकडं, मग उजवीकडनं डावीकडं.

एकोनीस.

दुसरी वळ मोजली. एकोनीस. तिसरी बी.

"मोतीबिंदू न्हवता आये," त्यो म्हनला.

"मला ठावं हाय," म्हातारी म्हनली.

वहीच्या मागच्या पुट्ट्यावर मानसिंगचा नंबर व्हता. सयाजीनं जीप केली आन सातारा गाठला. मानसिंगचं दुकान राजवाड्याच्या मागच्या बोळात. आत जुन्या टीव्हींची चळत, छतापतोर. मानसिंगनं मातीला यायला जमलं न्हाई म्हनून आदी डोळं पुसलं, मग चा मागवला, मग सगळं ऐकून घेतलं.

"फौजी, तुमचा टीव्ही चांगला हाय. पन त्यो डावीकडनं चित्र खातोय. जुनी पेटी जसं चित्र धाडती तसं त्येला झेपत न्हाई. मग आपल्या मनानंच ताणतो, आन आपल्या मनानंच कडा कापतो. त्येला पिळायला आत इस्क्रू बी न्हाई."

"मग बिरदेवला ठावं न्हवतं व्हय?"

"त्येला? त्येनंच मला शिकवलं." मानसिंगनं चळतीकडं बोट केलं. "दोनदा म्हनलो, बिर्‍या, ह्यातला एक डबा ने. फुकट ने. न्हाई म्हनला."

"का?"

मानसिंग चा फुंकत राहिला. "म्हनला, आबानं हौसंनं आनलाय. टेबलावर परत डबा दिसला तर त्येला वाटंल त्येचं देनं आवडलं न्हाई. ह्याच टीव्हीवर बसवतो, म्हनला, कवा ना कवा बसंल."

सयाजी चा तसाच सोडून उठला.

"डबा दे," त्यो म्हनला. "आन तू बी चल."

जीपच्या मागच्या शिटावर डबा मांडीवर धरून सयाजी बसला. कराड गेलं, सांगली गेली, घर वाटंत व्हतं तरी उतरला न्हाई. डबा लय जड. बिरदेवचा डबा टेम्पोत टाकला तवा त्योबी येवढाच जड लागला व्हता, पन तवा हातावर व्हता, आता सगळा मांडीवर व्हता. मानसिंग फुडनं म्हनला, "खाली ठेवा की, फौजी. काय पळून जात न्हाई त्यो." सयाजीनं ठिवला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जतच्या घरी, टेबलावर जिथं धुळीचा चौकोन व्हता तिथंच डबा ठिवला. मानसिंगनं झाकन उघडलं. म्हातारी कॉटवरनं सरकत सरकत फुडं आली, बगायला. किर्र किर्र झालं. चित्र आलं, थरथरलं, ठरलं. मेंढरं मेंढरांएवढी दिसली. मानसिंगनं आत एक इस्क्रू पिळला, चित्र जरा उजवीकडं आलं.

"आजून," म्हातारी म्हनली. "एकोनीसच हायती."

आजून पिळला. डाव्या कडंनं एक मेंढरू निम्मं आत आलं.

"आजून."

मेंढरू सगळं आत आलं. म्हातारीनं बोट नाचवलं, व्हट हललं. "ईस," ती म्हनली. "भरली बग. ईस भरली."

"थांबा, आजून जरासं," मानसिंग म्हनला. "आजून आबा आला न्हाई."

सयाजीनं मान वर केली. "काय म्हनलास?"

"आबा. खालच्या वळीला, वाघरंच्या दारात हुबा असतोय. एकदम डाव्या कडंला, डब्याच्या गोल कोपऱ्यामागं. बिरदेव त्येलाच बगून सेट करायचा. आबा पुरा आला की चित्र बराबर बसलं म्हनायचा."

इस्क्रू पिळला. पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यातनं आदी काठी आली. मग पटक्याचं टोक. मग मानूस. चौकटीचौकटीचा, बोटाएवढा मानूस, काठीवर भार दिऊन हुबा. त्येला पाय एकच व्हता. दुसरा गुडघ्यापशी दुमडलेला.

"अगं बाई," म्हातारी म्हनली. "सया, ह्यो तर तू. असाच हुबा राहायचास."

सयाजी उठला. आतल्या खोलीत गेला आन वही घिऊन आला. मानसिंगफुडं धरली. मानसिंगनं पानं उलटली. आबा दिसत न्हाई, आबा दिसत न्हाई. तवा त्येला उमगलं सयाजीला काय वाटलं व्हतं ते.

"आवं फौजी, ह्ये तुमास्नी न्हवं. ह्ये ह्या आबाचं हाय. टीव्हीत दिसत न्हवता म्हनून लिवलंय. बारीकसारीक लिवून ठेवायची त्येची खोडच व्हती."

"आन ह्ये?" सयाजीनं शेवटचं पान काढून दावलं. पाडव्याचं. आबा आला न्हाई.

मानसिंगनं वही जवळ धरली, लांब धरली. तारीख वाचली.

"ह्येचं मला सांगता येत न्हाई, फौजी."

सयाजीनं वही मिटली. पाडव्याचं ताट त्येच्या डोळ्याफुडं आलं. श्रीखंड व्हतं. ताट थंड व्हईल म्हनला व्हता बिरदेव. श्रीखंड थंडच असतंय, तेबी त्येला तवा सुचलं न्हवतं.

त्येनं टीव्ही बंद करायला हात फुडं केला.

"बंद करू नको," म्हातारी कडाडली. "मेंढरं भाईर हायती. ती आत घेतल्याबिगर बंद करतोस व्हय?"

"मला येत न्हाई आये ह्यो खेळ."

"तुला येत न्हाई? मग कुनाला येतोय?"

मानसिंगनं त्येला बिरदेवच्या खुर्चीवर बसवलं आन लांब बटनावर त्येचं बोट ठिवलं. एकदा दाबलं की आबा काठी उचलायचा आन एक मेंढरू आत जायचं. काठी चुकीच्या येळंला उचलली तर लांडगा घुसायचा. पयल्यांदा दोन मेंढरं लांडग्यानं नेली. म्हातारी वरडली, "ध्यान कुटं हाय!" मग सयाजी सावरून बसला. बटन दाबायचा आन मोजायचा, आदी मनात, मग तोंडानं. सतरा, अठरा, एकोनीस.

"ईऽस!"

आवाज आपसूक निगाला, जुना, रानातला. निगाला आन त्यो थांबला, मागं वळून बगितलं. ईस म्हनलं की मागं खडा वाजायचा. मागं कॉट व्हतं, कॉटवर म्हातारी व्हती, आन तिनं पदर तोंडाला लावला व्हता.

त्येनं उरलेली मेंढरं मुकाट्यानं आत घातली. शेवटचं मेंढरू गेल्यावर वाघरंचं दार लागलं आन पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. मानसिंगनं वाचून दावलं.

"आबा, पुन्यांदा? आसं इचारतोय. व्हय तर वायचं बटन दाबायचं, न्हाई तर येनचं."

अक्षरं लुकलुकत राहिली.

"काय म्हनतोय बिरू?" म्हातारीनं इचारलं.

"परत खेळतोस का म्हनतोय."

"मग व्हय म्हन की. किती वर्सं थांबलाय त्यो."

सयाजीनं वाय हुडकला. दोनदा बोट चुकलं, मग गावला. मेंढरं परत रानात पांगली, आन आबा दारात, एका पायावर, हुबा राहिला.